राइसाबाईंच्या घराची चौकशी

जर्सी सिटी
२ फेब्रुवारी २०२५

सीमा,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहितात ती जागा मी कोरी सोडली आहे. तुझी तू भरून घे.

तुझं पत्र मिळालं. लिफाफ्यावरचं अक्षर बघून आधी वाटलं, कोणीतरी गेलं. आई गेल्यापासून तू मला एक ओळ लिहिली नाहीस, आणि आता लिहिलंस ते काय, तर "ताई, तू तिथेच राहतेस, त्या मुलाच्या घरची जरा चौकशी कर." वर ताकीद, की फोन नको, व्हॉट्सॲप तर नकोच, कारण तुमच्या घरातला आयपॅड सगळ्यांचे मेसेज सगळ्यांना दाखवतो. आणि उत्तर ॲन आर्बरच्या घरी नाही, तू काम करतेस त्या लायब्ररीच्या पत्त्यावर. पन्नाशी उलटली तरी तुझी लपवाछपवी काही सुटली नाही.

चौकशी हा शब्द तुला लिहवला कसा, याचंच मला नवल वाटलं. चोविसाव्या वर्षी माझ्या मनगटावर पहिला पांढरा डाग आला, वर्षभरात दोन्ही हात आणि हनुवटी. माझं ठरलेलं लग्न मोडलं, ते मी एक वेळ समजू शकले. पण नागपूरहून शैलेंद्रच्या घरचे तुला बघायला आले, तेव्हा आपल्या चिंचवडच्या घरातला माझा फोटो भिंतीवरून उतरवून तिथे कॅलेंडर लावलं. मला वरच्या मजल्यावर प्रधानकाकूंकडे बसवलं. पाहुण्यांना सांगितलं, आम्हाला एकच मुलगी. का, तर थोरलीला कोड आहे कळलं तर धाकटीचंही मोडेल. पुढेमागे गाठ पडलीच तर मी तुझी मावसबहीण.

तू तेव्हा काही बोलली नाहीस. तीस वर्षं झाली, अजून बोललेली नाहीस. एडिसनला मंडळाच्या कार्यक्रमात तू स्वतःच्या नवऱ्याशी माझी ओळख करून दिलीस, "ही सुवर्णा, माझी मावसबहीण," आणि मीही मान डोलावली. हातात समोशाची प्लेट होती म्हणून नमस्कार तेवढा राहिला.

तुझी लेक इला मात्र मला आवडते. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आली आणि मंडळाच्या यादीतून तिने मला शोधून काढलं. दर रविवारी जेवायला येते, हल्ली तुझ्या चौकशीतल्या त्या तिमूरलाही आणते. मुलगा माझ्या हातची आमटी वाटीने पितो आणि जेवल्यावर भांडी घासतो. मला विचारशील तर चौकशी इथेच संपली. पण तुला घराणं हवंय. त्याची आजी, राइसा नावाची, माझ्या पलीकडच्याच टॉवरमध्ये मुलीजवळ राहते. रथसप्तमीच्या आत मी तिच्याकडे तिळगूळ घेऊन जाईन. कोणाच्याही घरात शिरायला तेवढं कारण पुरतं.

तुझ्यासाठी जात नाही. मी नाही गेले तर तू दुसऱ्या कोणाला तरी पाठवशील, म्हणून जातेय.

तुझी मावसबहीण,
सुवर्णा


जर्सी सिटी
११ फेब्रुवारी २०२५

सीमा,

जाऊन आले. हे घे तुझं घराणं.

राइसाबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. ठेंगण्या, डोक्याला मागे गाठ मारलेला रुमाल, हसल्या की एक सोन्याचा दात दिसतो. मुलगी गुझेल मॅनहॅटनला बँकेत आहे, नवऱ्यापासून वेगळी होऊन पुष्कळ वर्षं झाली. तिमूर तिचा एकुलता एक. लोक तातार, म्हणजे मुसलमान. ते इलाने तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि शैलेंद्रनी कुरकुर न करता मानलं, याचे मी त्यांना मनातल्या मनात चांगले मार्क दिले. आजी तिमूरच्या जन्मानंतर इथे आली. त्याआधी रशियात, चेल्याबिन्स्क नावाच्या शहरात शाळेत शिवण शिकवायची.

बोलायची तऱ्हा अशी, की ती रशियनमध्ये फोनशी बोलते आणि फोन माझ्याशी इंग्रजीत. मी "तिळगूळ घ्या, गोड बोला" याचं इंग्रजी करून फोनला सांगितलं, तर बाई गंभीर झाली. फोन म्हणाला, "मी तुमच्याशी काही वाईट बोलले का?" तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. मग दोघी हसलो.

चहा त्यांच्यात आपल्यासारखाच दूध घालून पितात. माझ्या कपात तिने भरपूर दूध घातलं, स्वतः मात्र कोरा घेतला. माझे हात पाहिले. सगळेच पाहतात आणि मग घाईघाईने खिडकीबाहेर पाहतात. हिने ते हातात घेतले आणि सोडेचना. काहीतरी विचारलं. ते तुझ्या चौकशीत बसत नाही.

तर घर स्वच्छ, माणसं कष्टाळू, मुलगा गुणी. लपवण्यासारखं काही नाही. झालं तुझं काम. आता पत्र लिहू नकोस.

सुवर्णा


जर्सी सिटी
८ मार्च २०२५

सीमा,

लिहू नकोस म्हटलं तरी लिहिलंस, आणि यावेळी मी रागावू शकत नाही, कारण मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले.

तुझं म्हणणं असं, की शैलेंद्रनी व्हिडिओ कॉलवर तिमूरला सहज आजीचं गाव विचारलं, तो चेल्याबिन्स्क म्हणाला, आणि शैलेंद्र इंजिनियर, त्यांनी लगेच लॅपटॉप उघडला. तिथे काय सापडलं ते त्यांनी तुला वाचून दाखवलं. त्या भागात रशियाने बॉम्बसाठी प्लुटोनियमचा कारखाना गुपचूप बांधला होता. सुरुवातीची काही वर्षं कारखान्याचं किरणोत्सारी पाणी त्यांनी तेचा नावाच्या लहानशा नदीत सोडलं. खालच्या अंगाला गावंच्या गावं तेच पाणी पीत होती. कोणालाही काही सांगितलं नाही. पुढे सत्तावन्न साली कारखान्यातली कचऱ्याची टाकीच फुटली आणि आभाळ उजळलं, तर तिकडच्या पेपरात छापून आलं, की तो उत्तरेकडचा नैसर्गिक प्रकाश होता. हे सगळं आता उघड आहे, आणि शैलेंद्रनी वाचलं ते खरं आहे.

आता तू विचारतेस, राइसाबाई त्या नदीकाठच्या का. असतील तर शैलेंद्र हे लग्न होऊ देणार नाहीत, नातवंडांच्या जिवाशी खेळ नको म्हणतात. आणि मी सरळ उत्तर दिलं नाही तर तू पुढच्या शनिवारी विमानाने येऊन गुझेललाच समोरासमोर विचारणार.

हो. त्या नदीकाठच्या आहेत. आता पुढचं वाचल्याशिवाय पत्र खाली ठेवू नकोस.

त्या दिवशी माझे हात धरून तिने विचारलं, "ॲटम? यू वर्क ॲटम?" तिला वाटलं, मी कुठल्यातरी अणुभट्टीत भाजले आहे. मी नाही म्हटलं, हा कातडीचा आजार, दुखत नाही, लागत नाही. तिला पटेना. माझ्या वयाच्या माणसांचे असे हात तिने गावाकडे पाहिले होते. मी तिला दिसले ती तिच्यातलीच एक. सीमा, माझे हात बघून कोणी मला आपल्यातली समजलं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

मग ती उठली. माझा फोन घेतला, तिचा घेतला, दोन्ही फ्रिजमध्ये लोण्याच्या शेजारी ठेवले आणि दार घट्ट लावलं. मला हसू आलं होतं, पण तिचा चेहरा बघून आवरलं. फोन ऐकतो असं तिला वाटतं. इतकी वर्षं अमेरिकेत राहूनही वाटतं. त्यानंतर तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, माझ्या कानाशी येऊन तिने सांगितलं. गाव नदीच्या वळणावर होतं. एके वर्षी काठाला तार घातली, शिपाई उभे केले, नदीत उतरायचं नाही म्हणाले. का, ते नाही. मग तिच्या बाराव्या की तेराव्या वर्षी ट्रक आले, माणसं उचलून दुसरीकडे नेली, मागे घरं पाडली, विहिरी बुजवल्या. आजही दरवर्षी शहरातले डॉक्टर त्या लोकांचं रक्त तपासायला येतात असं ऐकून आहे, म्हणाली. तिच्या लहानपणीही यायचे. रक्त न्यायचे, निकाल सांगायचे नाहीत.

लग्नाच्या वेळी सासूने विचारलं, कुठली तू. हिने दुसऱ्याच गावाचं नाव सांगितलं. सासू चौकशी करणारी होती, पण करणार कोणाकडे? गावच उरलं नव्हतं. हे सांगताना ती हसली, सोन्याचा दात दाखवून. नदीकाठच्या पोरींना कोणी करून घेत नसे, म्हणाली.

गुझेलला हे माहीत नाही. तिमूरला नाही. तीच तिची एकमेव विनंती आहे, की त्या दोघांना ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये. मी तिला म्हटलं, मग तूच सांग, तिमूरचं लग्न व्हायच्या आत सांग. पाडव्याला सगळ्यांना माझ्याकडे जेवायला बोलावलंय. तिने हो म्हटलंय, पण ती भितेय, आणि माणूस भीतीने काय काय करतो हे तुला-मला चांगलं ठाऊक आहे.

तेव्हा तू यायचं नाहीस. पाडवा होईपर्यंत शैलेंद्रना थोपवून धरायचंस. कसं, ते तुझं तू बघ, गप्प राहण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. आणि तू आलीस, गुझेलच्या दारात उभी राहून विचारलंस, तर मी त्याच दिवशी शैलेंद्रना फोन करून सांगेन की मी तुझी कोण आहे. ही धमकी आहे. तशीच वाच.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझ्या लग्नाच्या आठवड्यात मला मिरजेला मावशीकडे धाडलं होतं ना. मुहूर्त मला पाठ होता. त्या वेळी मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. घड्याळाकडे पाहिलं, ताटातले चार दाणे उचलले आणि समोरच्या भिंतीवर टाकले. मावशीने पाहिलं आणि केरसुणी आणायला गेली. ती बराच वेळ परत आली नाही.

सुवर्णा


जर्सी सिटी
३१ मार्च २०२५

सीमा,

तू आली नाहीस, हे मी लक्षात ठेवलं आहे.

काल पाडवा झाला. बाल्कनीत गुढी उभारायला बिल्डिंगवाले देत नाहीत, म्हणून आत खिडकीशीच उभारली, पडद्याच्या दांडीला बांधून. इलाने साखरेची माळ घातली. गुझेल, तिमूर आणि राइसाबाई वेळेवर आले. राइसाबाईंनी ठेवणीतला रुमाल बांधला होता. मला वाटलं, तयारीने आल्यात.

कसली तयारी. दारातच माझा दंड धरून हळूच म्हणाली, "टुडे नो. नेक्स्ट टाइम." जेवण सुरू झालं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. तिमूर गुढीबद्दल विचारत होता, इला तिला ठाऊक असलेलं निम्मं आणि रचलेलं निम्मं सांगत होती. गुझेलचं दोनदा घड्याळाकडे बघून झालं होतं. मी बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून वाढत राहिले. मला आतून इतका राग येत होता, की भाजी पानात न पडता टेबलावर पडली. वाटलं, ही बाई आजही उठून जाणार, तू शैलेंद्रना आणखी थोपवू शकणार नाहीस, आणि त्या पोरांना हे सगळं तुझ्या नवऱ्याच्या तोंडून, लॅपटॉपवरून वाचून दाखवल्यासारखं कळणार.

मी श्रीखंड आणलं. राइसाबाईंच्या वाटीत घालायला गेले तर तिमूरने हात आडवा केला. "नो नो, मावशी, एबी कान्ट. दूध, दही, काहीच नाही. शी इज ॲलर्जिक." एबी म्हणजे त्यांच्यात आजी.

राइसाबाई वाटीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "नो ॲलर्जी."

तिमूर हसला. "एबी, ऑल माय लाइफ यू सेड..."

"नो ॲलर्जी," ती पुन्हा म्हणाली, आणि मग रशियन सुरू झाली.

तिमूर आमच्यासाठी इंग्रजीत सांगत गेला. त्यांची गाय नदीत उभी राहून पाणी प्यायची. संध्याकाळी आई धार काढायची आणि पहिला ऊन ऊन पेला राइसाला, कारण ती धाकटी, लाडकी. थोरल्या भावाला उरलेलं. भाऊ चिडायचा. नदीवर बदकं असायची, कपडे तिथेच, पोहणं तिथेच. मग शहरातून माणसं आली, आवाज करणारी यंत्रं घेऊन. गोठ्यापाशी यंत्र ओरडायला लागलं तेव्हा पोरं हसली. मग भाऊ थकायला लागला. हाडं दुखतात म्हणायचा. सोळाव्या वर्षी गेला. दूध मी जास्त प्यायले होते, ती म्हणाली, गेला तो. इथे तिमूरने भाषांतर थांबवलं. पुढचं आम्हाला शब्दाशब्दाने कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. गुझेलच्या चेहऱ्यावर ते सगळं दिसत होतं.

गुझेलने काहीतरी विचारलं. आवाज चढवून नाही. तिमूर मान खाली घालून म्हणाला, "मॉम इज आस्किंग अबाउट द बेबीज. माझ्या आधीचे दोन. राहिले नाहीत ते."

म्हातारीने उत्तर दिलं ते मात्र इंग्रजीत, बहुधा मलाही ऐकू यावं म्हणून. "रिव्हर, आय नो. बेबीज, आय डोन्ट नो. नोबडी टेल मी. आय वॉज अफ्रेड टू आस्क."

गुझेल उठून बाल्कनीत गेली. बाहेर बोचरा वारा होता. इला तिचा कोट घेऊन मागोमाग गेली, आणि मग त्या दोघी तिथेच उभ्या राहिल्या, काचेपलीकडे. मला त्या क्षणी तुझ्या मुलीचा जो अभिमान वाटला तो लिहून दाखवता येणार नाही. आत तिमूर आजीच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला होता. ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती, आणि पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होती. नंतर इलाने तिमूरला विचारून सांगितलं, त्या शब्दाचा अर्थ "माफ कर" असा होता.

जाताना गुझेल आईशी बोलली नाही. पण दारात वाकून तिने आईच्या बुटांच्या चेन लावल्या, एक, मग दुसरी, आणि मग तिला हाताला धरून लिफ्टपर्यंत नेलं. यापुढे त्यांच्यात काय होईल ते मला ठाऊक नाही. ते सोपं नसेल.

राइसाबाईंनी मला सांगितलं आहे, बहिणीला सगळं लिही. तेव्हा हे त्यांच्या परवानगीने लिहिलंय. शैलेंद्रना खुशाल वाचून दाखव. तिमूर आणि इला एका जेनेटिक काउन्सेलरकडे जाणार आहेत, ते ठरवतील ते ठरवतील. मुलं त्यांना होणार आहेत, तुम्हाला नाही.

सुवर्णा


जर्सी सिटी
८ एप्रिल २०२५

सीमा,

हे पत्र जलद टपालाने पाठवतेय, शुक्रवारी तुला लायब्ररीत मिळेल. शुक्रवारीच वाच. रविवारच्या आत वाचणं भाग आहे.

काल पोरं त्या काउन्सेलरकडे जाऊन आली. अशा लोकांच्या मुलांवर, नातवंडांवर आजवर जे अभ्यास झाले त्यांत काळजी करण्यासारखं ठळक काही दिसलेलं नाही, असं तिने सांगितलं. शंभर टक्के खात्री कोणी कशाचीच देत नाही, तुमचीही नाही आणि माझीही नाही, असंही म्हणाली. तिमूरने ते सगळं शैलेंद्रना स्वतः फोन करून सांगितलं. शैलेंद्रनी सगळं ऐकून घेतलं म्हणे, आणि म्हणाले, "तुझ्या आजीला बोलायला किती कठीण गेलं असेल." मला त्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हतं. तीस वर्षं मी त्यांना फक्त तुझ्या गप्पपणातून ओळखत आले, तेव्हा चूक माझीही असेल.

संध्याकाळी इला एकटीच आली. मी भांडी विसळत होते, ती ओट्यावर चढून बसली. म्हणाली, "मावशी, त्या बाईने मलापण विचारलं. एनी फॅमिली हिस्टरी ऑन युअर साइड? मी म्हटलं, नथिंग. आमच्याकडे काहीच नाही."

मी पुढची वाटी विसळायला घेतली.

"करेक्ट ना? म्हणजे, तुझं हे डागांचं व्हिटिलिगो आहे. ती म्हणाली, तो मेजर इश्यू नाही, पण फॅमिलीत असलं तर त्या लिहून घेतात. बट यू आर मम्माज कझिन, सो दॅट डझन्ट काउंट. हो ना?"

मी नळ बंद केला. हात पुसले. सीमा, इतकी वर्षं मी या एका प्रश्नाची वाट पाहिली. अंघोळ करताना, बस चुकल्यावर, दरवर्षी तुझ्या वाढदिवसाला, मी त्याचं उत्तर मनात घोकलं आहे. दर वेळी त्यात तुझी पुरती शोभा होत असे. आणि आता ती पोर पाय हलवत समोर बसली होती आणि मला त्यातला एक शब्दसुद्धा बोलावासा वाटला नाही. मला राइसाबाई आठवल्या. त्यांच्या घरच्यांना ते त्यांच्याच तोंडून कळायला हवं होतं, दुसऱ्या कोणाच्या नाही.

म्हटलं, "आईला विचार."

"व्हॉट डू आय आस्क?"

"सुवर्णा तुझी कोण, एवढंच विचार."

तिचे पाय हलायचे थांबले. ती माझ्या हातांकडे पाहत नव्हती, चेहऱ्याकडे पाहत होती. तुझी आणि माझी हनुवटी एकसारखी आहे, माझी पांढरी झाली म्हणून काही ती बदलली नाही. ती ओट्यावरून खाली उतरली. मग म्हणाली, "रविवारी सकाळी कॉल करते. बाबा पण घरी असतात." आणि जाताना दारात मला घट्ट मिठी मारली, नेहमी मारते त्यापेक्षा जास्त वेळ.

मी तिला काही सांगितलेलं नाही. शैलेंद्रना सांगणार नाही. धमकी मागे घेतली. आता तुला गप्प बसायचं असेल तर बस, मी "कझिन" म्हणून मान डोलवेन, सवय आहे. पण तशी मान मी इलाच्या मांडवात डोलवणार नाही. मग मी मांडवातच येणार नाही. तांदूळ काय, इथेही मिळतात आणि भिंत इथेही आहे.

तू मला विचारलं होतंस, घर कसं आहे. घर चांगलं आहे. जे दडवलं होतं ते त्यांनी मुलांना समोर बसवून सांगितलं. आज सकाळी तिमूरची आई आपल्या घराबद्दल हेच विचारत होती. मी म्हटलं, रविवारनंतर सांगते.

रविवारी सकाळी फोन वाजेल. उचल.

ताई